रस्त्यावर राहणाऱ्या माणसाशी दोस्ती करायची असेल तर

बरेच जण विचारतात की स्टेशनवर, बसस्टँडवर झोपणाऱ्या लोकांसाठी आम्हाला काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू, कपडे आणू का, ब्लँकेट वाटू का, जेवणाची पाकिटं किती न्यायची. मी दरवेळी एकच सांगतो, पहिल्या दिवशी काहीच नेऊ नका. रिकाम्या हातानं जा, बसा, बोला, परत या. हे सगळं लिहायलोय ते नांदेडला बघितलेल्यावरून, पण संभाजीनगर, परभणी, लातूर, जालना, कुठंही गेलात तरी थोड्याफार फरकानं असंच चालतं.

काम, कागदपत्रं, निवारा हे पण खाली येणारच आहे, आणि ते सगळं लागतंच, पण ते टिकतं दोस्तीवर. ज्याला नुसतं काम लावून दिलं तो पंधरा दिवसात परत प्लॅटफॉर्मवर दिसतो. ज्याला संध्याकाळी "काय मामा, आज कसं गेलं" असं विचारणारं एक माणूस आहे तो अडखळला तरी परत उभा राहतो. का, तर रस्त्यावर आल्यावर पैसे संपतात ते तर असतंच, पण आपली कुणी वाट बघायलंय ही गोष्टच संपलेली असते, आणि वाट बघणारं कुणी नसलं की सकाळी उठून दाढी करायला, अंघोळ करायला, कामावर जायला कारणच उरत नाही.

आधी नीट बघा, कोण कोण आहे

बाहेर झोपलेला प्रत्येक माणूस भीक मागत नसतो, हे डोक्यात पक्कं ठेवा. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्याबाहेर किंवा संभाजीनगरला घाटी दवाखान्याच्या आवारात जे अंगावर चादर घेऊन पडलेले दिसतात त्यातले बरेच जण पेशंटचे नातेवाईक असतात, किनवट-माहूरकडचे, हिंगोलीकडचे, घर आहे, थोडीबहुत शेती आहे, पण इथं आठ-पंधरा दिवस काढायचेत आणि लॉजला पैसे नाहीत. त्यांना ब्लँकेटपेक्षा औषधाची चिठ्ठी वाचून सांगणारं आणि कोणत्या खिडकीला उभं राहायचं ते दाखवणारं माणूस जास्त पाहिजे असतं.

दुसरे म्हणजे राबणारे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उचलणारे, हॉटेलात रात्री भांडी घासणारे, लग्नसराईत वाढप्याचं काम करणारे, भंगार आणि बाटल्या वेचणारे. दिवसभर काम असतं, रात्री छप्पर नसतं, कारण खोली घ्यायची म्हणलं की डिपॉझिट लागतं, ओळख लागते, आधार लागतं. आणि तिसरे, ज्यांचं सगळंच तुटलंय, म्हातारे, आजारी, डोक्यानं हरवलेले, व्यसनात गेलेले, घरातून हाकललेल्या बायका. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली होती, साडेसतरा लाखांच्या वर माणसं भरली, आणि ती एका रात्रीची मोजणी, त्या रात्री जो मालधक्क्याच्या मागं अंधारात पडला होता तो मोजला गेला असेल असं मला वाटत नाही.

आपल्या मराठवाड्यात हे कुठून येतं ते पण समजून घ्या, म्हणजे बोलताना तोंडातून भलतंच जात नाही. बीडकडचा ऊसतोडीचा माणूस बघा. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायचे, नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळीच्या आसपास निघायचं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, पाचटात राहायचं. एकदा कंबर गेली किंवा गुडघा गेला की कोयता मोडतो, उचल फिटत नाही, मुकादम दारात येतो, आणि मग माणूस "जरा जाऊन येतो" म्हणून निघतो तो निघतोच. आळशी असता तर त्याचा गुडघा झिजला नसता.

बसायचं कसं, बोलायचं काय

उभं राहून बोलू नका. तो खाली बसलेला आणि तुम्ही वरून विचारायलात, तर तो पोलिसाला देतो तशीच उत्तरं देणार, हो साहेब, नाही साहेब, आत्ता उठतो साहेब. त्याच्याजवळ कट्ट्यावर, पायरीवर, खाली पेपर टाकून बसा. पण त्याच्या पोत्यावर, चादरीवर न विचारता टेकू नका, तेवढी जागा त्याचं घर आहे. बोचकं पायानं सरकवायचं नाही, हातही लावायचा नाही, त्यात औषधाची पट्टी असते, लेकीचा फोटो असतो, कधी कधी फाटलेलं आधार असतं, आणि ते बोचकं चोरीला जाईल या भीतीनं तो संडासला पण नीट जाऊ शकत नाही.

हाक मारताना मामा, काका, बाबा, मावशी, आजी, आपल्याकडं जसं कुणालाही म्हणतो तसंच, आणि "तुम्ही" म्हणायचं. "ए बाबा", "चल ऊठ" ऐकून त्यांचे कान किटलेले असतात, त्यामुळं "मामा, इथं बसू का" एवढ्यानं पण माणूस वर बघतो. आधी स्वतःचं नाव आणि गाव सांगा. गाव सांगितलं की निम्मं काम होतं, आम्ही लोह्याचे, तुम्ही कुठले, मग कंधारची कुणीतरी ओळख निघते, तिकडं पाऊस कसाय, सोयाबीनला काय भाव चाललाय, हरभरा पेरला का. घर का सोडलं, पोरं बघत नाहीत का, दारू पिता का, हे विचारायचंच नाही. सांगायचं असेल तेव्हा ते आपणहून सांगतात, आणि पहिल्यांदा सांगितलेलं नाव खोटं निघालं तर त्याचा राग धरू नका. नांदेड स्टेशनला तेलुगू बोलणारे, हिंदी बोलणारे, पंजाबी बोलणारे पण भेटतात, तेव्हा मोडकंतोडकं का होईना त्यांच्या भाषेत दोन शब्द बोला.

पहिल्या भेटीत वही-पेन काढू नका, मोबाईल तर खिशातच ठेवा. याला कारण आहे. आपल्याकडं १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, त्यात भीक मागणाऱ्याला वॉरंटशिवाय पकडता येतं आणि भिक्षेकरी गृहात पाठवता येतं, त्यामुळं कुणी नाव लिहून घ्यायला लागलं की माणसं सामान उचलून निघून जातात, ती परत त्या जागी आठ दिवस दिसत नाहीत. आणि फोटो, व्हिडिओ कधीच नाही, वर्ष झालं तरी नाही. त्याच्या गावात कुणाच्या तरी मोबाईलवर तो फोटो जाणार, बायकोच्या माहेरी जाणार, पोरीच्या सासरी जाणार. दहा रुपयाचं बिस्कीट देऊन माणसाची अब्रू घ्यायची हे मला अजिबात पटत नाही आणि मी ते तोंडावर सांगतो.

एकाच वेळी, एकाच जागी जात राहा. रोज नाही जमलं तर आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो पाळा. एकटे किंवा दोघं जा, दहा जणांचा ग्रुप एकसारखे टी-शर्ट घालून गेला की तिथं कार्यक्रम होतो, दोस्ती होत नाही. झोपलेल्याला उठवायचं नाही.

बायकांच्या बाबतीत बाईनंच पुढं व्हावं, सोबत बहीण, बायको, मैत्रीण कुणी असेल तरच जा. रस्त्यावर राहणारी बाई रात्री बहुतेक झोपतच नाही, भीतीनं जागी असते, उजेडाखाली बसून राहते आणि दुपारी गर्दीत कुठंतरी डोळा लावते, त्यामुळं भर दुपारी झोपलेली दिसली तर लोक नावं ठेवतात पण तीच तिची सुरक्षित वेळ असते. लेकरू एकटं दिसलं तर स्वतः कुठं नेऊ नका, १०९८ ला फोन करा आणि ते येईपर्यंत थांबा.

द्यायचं काय आणि घ्यायचं काय

पैसे द्यावे का नाही यावर लई वाद घालतात लोक. माझं मत, दहा-वीस रुपये दिल्यानं कुणी बिघडत नाही आणि न दिल्यानं कुणी सुधारत नाही, पण दोस्तीची सुरुवात पैशानं केली की मग तुम्ही दिसलात की हातच पुढं येतो, बोलणं मागं पडतं. चहा चांगला. पण दोन चहा सांगा आणि तुम्ही पण प्या, त्याला देऊन तुम्ही उभे राहून बघत बसू नका. थोडी ओळख झाली की विचारा काय लागतं, आणि जे सांगतील ते ऐकून चकित व्हाल, नेलकटर, अंगाचा साबण, दाढीचं ब्लेड, चपलेचा नवा अंगठा, पावसाळ्यात ताडपत्रीचा तुकडा, आतले कपडे, बायकांना पॅड. घरातली जरीची जुनी साडी नेऊन देऊ नका, ती नेसून रस्त्यावर झोपता येत नाही. जेवणाचं म्हणाल तर सरकारची शिवभोजन थाळी आहे, २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दहा रुपयात दोन चपात्या, भाजी, वरण, भात, तुमच्या भागात केंद्र चालू असेल तर तिथं सोबत जाऊन बसून जेवा.

आणि ते जे देतील ते घ्या. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक मावशी स्टेशनबाहेर प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करते, एकदा टपरीवर मी पैसे काढायच्या आधी तिनं पदराची गाठ सोडली, त्यात नाणी होती, एकेक मोजून चहावाल्याच्या पुढं ठेवली आणि म्हणली, ह्यांचा बी. मी नको म्हणणार होतो पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि गप्प बसून चहा घेतला. त्या दिवसापासून तिचं बोलणंच बदललं, मला "वाळायलास लई, जेवतोस का नीट" असं विचारायला लागली. तुम्ही नुसतं देत राहिलात तर तो कायम घेणाराच राहतो, आणि कायम घेणाऱ्याच्या जागेवर बसलेल्या माणसाला मान वर करता येत नाही. म्हणून त्याचा सल्ला घ्या, त्याला रस्ता विचारा, तुमच्या घरचं टेन्शन सांगा. माझी आई आजारी होती तेव्हा रोज न चुकता विचारणारी माणसं तीच होती, नातेवाईकांपैकी कितीतरी जणांनी एक फोन पण केला नव्हता.

कागदपत्रं, इथं तुमचा खरा उपयोग आहे

ओळख पक्की झाली की हे हातात घ्या, कारण हे काम त्यांना एकट्याला होत नाही. खिडकीवरचा माणूस त्यांना हाकलतो, तुम्ही सोबत उभे असलात की तोच माणूस "बसा" म्हणतो. वाईट आहे पण आहे असं.

सुरुवात आधारपासून. बहुतेकांचं आधार कधीतरी काढलेलं असतं, हरवलेलं असतं, आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर पण गेलेला असतो. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन जुना नंबर शोधता येतो, आधी १९४७ वर फोन करून विचारून घ्या कोणतं केंद्र जवळ आहे. सिमेंट, विटा, भांड्याची पावडर यात हात घालून घालून ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, मग ऑपरेटर म्हणतो होत नाही, जा. तेव्हा शांतपणे सांगा की डोळ्याच्या बुबुळाचं स्कॅन करून बघा. कधीच काढलेलं नसेल तर नवीन नोंदणीला पैसे लागत नाहीत, पत्त्याचा पुरावा नसला तर मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र चालतं. आधार हातात आलं की झेरॉक्स काढा, एक प्लास्टिकच्या पिशवीत त्यांच्याकडं, एक तुमच्याकडं, मूळ कार्ड लॅमिनेट करून.

निवारा केंद्राचा विषय निघालाच आहे तर, सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या आदेशानंतर आणि २०१३ पासूनच्या शहरी उपजीविका अभियानात असं ठरलंय की एक लाख लोकसंख्येमागं शंभर माणसांचा एक कायमचा निवारा पाहिजे, बाराही महिने चोवीस तास उघडा, माणशी पन्नास चौरस फूट जागा. नांदेड शहराची लोकसंख्या २०११ लाच साडेपाच लाख होती, म्हणजे पाच निवारे तर नक्कीच पाहिजेत. तुमच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत जाऊन विचारा किती आहेत, कुठं आहेत, आणि कुणाला तिथं पाठवायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन बघा, संडासला पाणी आहे का, सामान ठेवायला पेटी आहे का, बायकांची सोय वेगळी आहे का. पेटी नसेल तर माणूस जात नाही, बोचक्याचं वर सांगितलंच.

मतदार यादीचं बऱ्याच जणांना माहीत नाही. बेघर माणसाला नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, फॉर्म ६ मध्ये तो जिथं झोपतो ती जागा लिहायची, मग मतदार यादीचं काम बघणारा बीएलओ रात्री येऊन बघतो, एकापेक्षा जास्त रात्री, की माणूस खरंच तिथं झोपतो का. मतदान कार्ड आलं की त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो, फोटो, नाव, आणि पत्त्याच्या जागी कायतरी छापलेलं.

मग शून्य रकमेचं जनधन खातं, मग रेशन. संजय गांधी निराधार योजनेत ६५ च्या आतल्या निराधार, विधवा, परित्यक्ता यांना आणि त्याच्या वरच्यांना श्रावणबाळ योजनेत दरमहा १,५०० रुपये, २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार झाले, दिव्यांगांना २०२५ पासून अडीच हजार. अर्ज तहसीलला, वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत (दिव्यांगांना ही मर्यादा वेगळी आहे) आणि महाराष्ट्रातली १५ वर्षांची रहिवास अट आहे. चकरा माराव्या लागतात, त्यात दोन-चार महिने सहज जातात, हे आधीच सांगून ठेवा, "करून देतो" असं तोंडातून जाऊ देऊ नका.

काम

काम शोधायच्या आधी हात बघा. म्हणजे खरंच हात बघा, घट्टे कुठं आहेत ते. आणि आधी काय करत होता ते विचारा, "काय काम करणार" असं विचारू नका, त्याला तो "काहीबी" म्हणणार.

एक मामा होते, धारूरकडचे, ऊसतोडीत गुडघा गेलेला. उभं राहायचं काम होत नाही, ओझं उचलता येत नाही, सगळे म्हणायचे ह्यांना काय काम देणार. एकदा भाजीवालीचा कांदा कापायचा विळा बोथट झालेला बघून त्यांनी मागून घेतला आणि फरशीच्या कडेवर घासायला बसले. नंतर कळलं, टोळीतल्या सगळ्यांच्या कोयत्यांना रात्री कानस मारायचं काम तेच करायचे. कानस आणून दिली, एक धारेचा दगड आणून दिला. मग बघावं, पातं मांडीवर आडवं धरायचं, कानस एकाच बाजूनं ओढायची, पुढंमागं नाही, थोडं पाणी, परत चार हात, मग अंगठा आडवा फिरवून बघायचा आणि मान हलवायची, अजून नाही. भाजीमंडईतले विळे, चिकनवाल्यांचे सुरे, न्हाव्याच्या कात्र्या, बसून करायचं काम. आता एखाद्या दिवशी मामा गेले नाहीत तर चिकनवाला विचारतो, मामा काहून नाही आले. मला वाटतं दिवसाच्या शे-दोनशे रुपयांएवढंच, कदाचित त्याहून जास्तच, ते "काहून नाही आले" त्यांना उठवून बसवतं.

म्हणून काम निवडताना हे बघा की तिथं त्याची कुणी वाट बघणार आहे का. वाटण्यात, निवडण्यात, राखणीत, दुरुस्तीत अशी कामं असतात. आणि पगाराचं काम मिळेपर्यंत नांदेडला गुरुद्वारा आहे. सचखंड हजूर साहिबच्या लंगरात कुणालाही जेवण मिळतं हे सगळ्यांना माहिती आहे, एकाच पंगतीत जमिनीवर सगळे बसतात, गाडीतून आलेला आणि प्लॅटफॉर्मवरून आलेला शेजारी शेजारी. पण तिथं जेवणारा माणूस सेवा पण करू शकतो हे कमी लोकांच्या लक्षात येतं, डोक्याला रुमाल बांधायचा, हात धुवायचे, लसूण सोलायला बसा, ताटं घासायला उभे राहा. तुम्ही सोबत जा आणि दोघं मिळून लसूण सोला. कामाची सवय सुटलेल्या माणसाला ही सगळ्यात सोपी सुरुवात आहे, कुणी हजेरी घेत नाही, कुणी ओरडत नाही, आणि जेवण फुकटचं वाटत नाही.

बाहेरचं काम लावून देताना काही गोष्टी पक्क्या करा. मजुरी रोजच्या रोज हातात, पहिला महिनाभर तरी, कारण महिन्यानं मिळणाऱ्या पगारापर्यंत जेवणार काय. पहिल्या आठवड्यात सकाळचं खाणं, अंघोळीचे सुलभचे पैसे आणि एक जोड कपडे याची सोय आधीच लावा. मजुरी दुसऱ्याला मिळते तेवढीच, बेघर आहे म्हणून कमी नाही, आणि स्वतःच्या घरी कमी पैशात राबवून घ्यायला तर अजिबात नेऊ नका, तिथं दोस्ती संपते. बांधकामावर वर्षात ९० दिवस भरले की बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते, ठेकेदाराकडून दाखला मागायला लाजू नका.

आणि अनोळखी मुकादमापासून सांभाळा, हे मी जोर देऊन लिहायलोय. स्टेशनवर, बसस्टँडवर येऊन "चल, विहिरीचं काम आहे, जेवण-राहणं आमच्याकडं" म्हणणारे असतात. २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात विहीर खोदायला नेलेल्या मजुरांना रात्री साखळीनं बांधून ठेवलं होतं, एक जण निसटला म्हणून कळलं आणि पोलिसांनी बाकीच्यांना सोडवलं. १९७६ पासून वेठबिगारीवर कायद्यानं बंदी आहे. तर कुणी न्यायला आलं की गाडीचा नंबर, गावाचं नाव, त्याचा मोबाईल घ्या, आणि तुमच्या मित्राला सांगा की पोचल्यावर फोन कर, फोन आला नाही तर ११२.

घसरलं तर

घसरतंच. चार दिवस काम, पाचव्या दिवशी दारू, मग तोंड चुकवणं. ओरडू नका, हिशोब मागू नका, ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी जाऊन बसा. तो येतो. कधी पंधरा दिवसांनी येतो, कधी दोन महिन्यांनी, आल्यावर "चहा घ्यायचा का" एवढंच म्हणा. पिलेला असेल तर त्या दिवशी जास्त बोलू नका, पैसे उसने देऊ नका.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधं फुकट, आणि उपचार चालू असताना खुराकासाठी महिन्याला हजार रुपये खात्यावर येतात, खातं काढायचं तेवढ्यासाठी पण. गोळ्या सहा महिने न चुकता घ्याव्या लागतात आणि इथं परत दोस्तच लागतो, रोज विचारणारा. कुणी बेशुद्ध, तापानं फणफणलेला दिसला तर १०८, पैसे लागत नाहीत, आणि गाडीत सोबत बसा, नातेवाईक नाही म्हणून स्ट्रेचरवर तसाच पडून राहतो माणूस.

डोक्यानं हरवलेला, स्वतःशी बोलणारा, कपड्यांचं भान नसलेला माणूस असेल तर घाबरून लांब पळू नका आणि एकट्यानं धरायला पण जाऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम १०० आहे, त्यानुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासात सरकारी आरोग्य संस्थेत नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे, ठाण्यात जाऊन कलमाचा नंबर सांगा, फरक पडतो. सल्ल्याला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, फुकट नंबर आहे. जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला, म्हणजे आपल्यापासून सगळी लांब, त्यामुळं आधी जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात दाखवा. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा ही संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या घरी पोचवते, त्यांना २०१८ ला मॅगसेसे मिळालं. बरा झालेला माणूस गावाचं नाव सांगतो, हे मी लोकांना परत परत सांगतो कारण कुणाला खरंच वाटत नाही.

घरी परत पाठवायची घाई मात्र करू नका. काहींना घरी जायचं असतं, काहींनी घरातूनच मार खाल्लेला असतो. त्याला विचारल्याशिवाय त्याच्या घरी फोन करायचा नाही.

शेवटचं, तुम्ही बाहेरगावी चाललात, बदली झाली, लग्न ठरलं, पोरांच्या परीक्षा आल्या, तर सांगून जा. न सांगता गायब होणारी माणसं त्यांनी खूप बघितलीत. अमुक वारापर्यंत येणार नाही, तोवर हा माझा मित्र येईल, असं सांगून त्या मित्राला आधी दोन-तीनदा सोबत घेऊन जा, दोघांची ओळख होऊ द्या. तुमचा मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून आधारच्या प्लास्टिकच्या पिशवीत टाका, एक कागद टपरीवाल्याकडं पण द्या, आणि रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचला.